अकरा विजय आणि दोन पराभव

लोकप्रतिनिधीचे मोठेपण मोजण्याचे एक सोपे माप आपल्याकडे रूढ झाले आहे. तो किती वेळा निवडून आला एवढेच विचारावे, आणि मिळालेल्या आकड्यापुढे मान तुकवावी! उमेदवारांच्या परिचयपत्रकांत, सत्काराच्या मानपत्रांत आणि वृत्तपत्रांच्या स्तंभांतही 'इतक्या वेळा विजयी' हे शब्द असे काही छापले जातात की, त्यांच्यापुढे दुसरा प्रश्न विचारण्याचे जणू कारणच उरू नये. महाराष्ट्राच्या विधानसभेपुरते बोलावयाचे तर या मापाने ज्यांचे नाव सर्वांत वर लागते ते सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याचे गणपतराव देशमुख. १९६२ ते २०१४ या काळात ते अकरा वेळा विधानसभेवर निवडून आले; प्रत्येक वेळी सांगोल्यातून आणि प्रत्येक वेळी शेतकरी कामगार पक्षाचे उमेदवार म्हणून. ३० जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांनी या आकड्याचा गौरवाने उच्चार केला, आणि मग इतिहासाच्या पुस्तकातील सनावळीप्रमाणे तो पाठ करून बाजूस ठेवण्यात आला. तो आकडा एकदा उकलून पाहावा असे आम्हांस वाटते. आमदाराला दिलेले मत नेमके कोणाला पोहोचते, व्यक्तीला, पक्षाला की आणखी कोणाला, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील सुजाण मतदाराला सतावीत आहे. या प्रश्नाची दोन्ही टोके ज्या एकाच मतदारसंघात पाहावयास मिळतात तो मतदारसंघ सांगोला हा आहे.

प्रथम विक्रमाच्या दाव्याचा निकाल लावू. २०१४ साली गणपतराव अकराव्यांदा विजयी झाले तेव्हा त्यांनी देशातील सर्व विक्रम मोडल्याचे पुष्कळ ठिकाणी छापून आले. ते खरे नव्हे. तामिळनाडूचे एम. करुणानिधी हे १९५७ पासून २०१६ पर्यंत तेरा वेळा विधानसभेवर निवडून आले आणि एकदाही पराभूत झाले नाहीत. अर्थात त्यांनी मतदारसंघ अनेक बदलले. केरळमधील के. एम. मणी यांनी पाला हा एकच मतदारसंघ १९६५ ते २०१६ या काळात तेरा वेळा जिंकला. १९६५ साली निवडून आलेली केरळची विधानसभा भरलीच नाही, म्हणून ती निवडणूक कोणी वजा केली तरी बारा उरतात. ओमेन चंडी हेही पुदुप्पळ्ळीतून बारा वेळा निवडून आले होते. तेव्हा देशाच्या यादीत गणपतराव पहिले नाहीत. त्यांच्या चाहत्यांनी याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. अकरा हा महाराष्ट्रातील उच्चांक आहेच. आणि आमच्या मते त्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत बोलका आकडा अकरा हा नव्हेच. तो दोन हा आहे.

शाळेत ज्यांनी चार वर्षे खडू हाती धरला आहे त्यांना ठाऊक असते की, विद्यार्थ्याचे प्रगतिपुस्तक हाती आल्यावर जाणता शिक्षक उत्तम गुणांकडे पाहण्यापूर्वी लाल शाईच्या खुणा शोधतो. पोर कोठे अडले आणि अडल्यावर त्याने काय केले, हे त्या खुणा सांगतात. गणपतरावांच्या प्रगतिपुस्तकात अशा खुणा दोन आहेत : १९७२ आणि १९९५.

१९६२ साली ते प्रथम निवडून आले तेव्हा महाराष्ट्र राज्य दोन वर्षांचे होते. २६४ जागांच्या विधानसभेत काँग्रेसचे २१५ सभासद होते आणि शेतकरी कामगार पक्षाचे अवघे पंधरा. तरीही विरोधी पक्षांत तोच सर्वांत मोठा. १९६७ साली ही संख्या एकोणीसवर गेली. पुढे १९७२ ची निवडणूक आली. बांगला देशच्या विजयानंतरची ती लाट होती. काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा घेतल्या, शेकाप सातावर आला आणि त्या लाटेत सांगोल्याची जागाही गेली. हा पराभव समजण्याजोगा होता; त्या वर्षी भलेभले वाहून गेले. परंतु त्यानंतर काही महिन्यांतच महाराष्ट्रावर शतकातील एक भीषण दुष्काळ कोसळला. माण नदीच्या काठचा हा पर्जन्यछायेतील तालुका खिलार जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध. तेथे दावणीची जनावरे जगविणे अशक्य झाले असताना, त्याचा दहा वर्षांचा आमदार सभागृहाबाहेर होता. डाव्या पक्षांनी दुष्काळी कामांसाठी आणि मजुरीसाठी जी आंदोलने उभारली त्यांत शेकाप आघाडीवर होता. १९७४ साली सांगोल्यात पोटनिवडणूक झाली, आणि मतदारांनी गणपतरावांना परत पाठविले. काँग्रेसची राज्यावरील पकड तेव्हा जराही ढिली झालेली नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे या विजयाचे वजन कळते.

दुसरी खूण अधिक विचार करावयास लावणारी आहे. १९९५ साली महाराष्ट्रात काँग्रेसविरोधी वारे वाहत होते. काँग्रेसला २८८ पैकी अवघ्या ऐंशी जागा मिळाल्या आणि शिवसेना-भाजप युतीचे राज्य आले. ज्या वर्षी काँग्रेसचे अनेक बुरूज ढासळले त्याच वर्षी सांगोल्यात काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांनी गणपतरावांसारख्या जुन्या विरोधी नेत्याला हरविले. मतांचे अंतर होते १९२. राज्यातील वाऱ्याशी याचा काही संबंध लावता येत नाही. एकवीस वर्षे अखंड एकच प्रतिनिधी असल्यावर मतदाराला दुसरा चेहरा पाहावासा वाटला असेल तर तो त्याचा हक्कच होय. आम्ही याकडे लोकशाहीची प्रकृती ठीक असल्याचे लक्षण म्हणून पाहतो. सांगोला ही कोणाची जहागीर नव्हती, हे १९२ मतांनी सिद्ध केले. आणि ती जहागीर नव्हती म्हणूनच उरलेल्या अकरा विजयांना किंमत आहे.

पराभवानंतर त्यांनी काय केले, हे नमूद करणे अवश्य आहे. ते दुसऱ्या सुरक्षित मतदारसंघाच्या शोधात गेले नाहीत. विधान परिषदेच्या मागल्या दाराने सभागृहात शिरले नाहीत. आणि पक्षही बदलला नाही. वास्तविक तसे करण्यास त्यांना कोणी दोष दिला नसता, कारण तो पायंडा खुद्द पक्षाच्या संस्थापकांनीच पाडून ठेवला होता. १९४८ साली काँग्रेसबाहेर पडून ज्यांनी शेकाप उभा केला त्या केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांनी काही वर्षांतच काँग्रेसची वाट पुन्हा धरली. दाभाडीच्या प्रबंधाचा मार्क्सवाद कागदावर राहिला आणि तो ज्यांनी मांडला त्यांतील कित्येक जण निघून गेले; सांगोल्यातील वकील मात्र जागचा हलला नाही.

१९९५ ते १९९९ ही आमदारकीविना गेलेली चार वर्षे रिकामी नव्हती. आटपाडी येथे १९९३ पासून दुष्काळी तेरा तालुक्यांची पाणी परिषद भरत होती. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या बरोबरीने गणपतराव तिचे एक आधारस्तंभ होते. कृष्णेचे पाणी उचलून माणदेशाच्या उंचावरील कोरड्या शिवारात आणा, ही परिषदेची मागणी; आणि तिच्या केंद्रस्थानी कऱ्हाडजवळील टेंभूची उपसा योजना. नदीचे पाणी यंत्राने टप्प्याटप्प्याने वर चढवावयाचे, मग कालव्याने पुढे न्यावयाचे, पुन्हा चढवावयाचे, असा हा खर्चाचा आणि चिकाटीचा मामला. शहरातील वाचकाने नळ सोडताना ज्या गोष्टीचा विचारही केलेला नसतो तिच्यासाठी माणदेशातील माणसे वर्षानुवर्षे एका मैदानात जमत होती आणि दर वर्षी तीच मागणी नव्याने करीत होती. अशा कामात टाळ्या कमी आणि तपशील फार. पाणलोट, उंची, विजेचे बिल, भूसंपादन, निधीची तरतूद! गणपतरावांच्या विधानसभेतील भाषणांचा पुष्कळसा भाग याच रुक्ष तपशिलाने भरलेला असे, आणि सभागृह रिकामे होत आले तरी ते बाकावर बसलेले असत, हे त्यांच्या विरोधकांनीही सांगितले आहे.

त्यांच्या साधेपणाविषयी आजवर फार लिहिले गेले. एस. टी.ने प्रवास करणारा आमदार ही कथा महाराष्ट्राला फार आवडली, आणि ती खोटीही नव्हती. तरीसुद्धा या कौतुकात आम्हांस थोडी गफलत दिसते. आमदाराने साधे राहावे ही किमान अपेक्षा होय. तिचीच आरती होऊ लागली म्हणजे त्याने सभागृहात काय मागितले आणि काय मिळविले, हा हिशेब मागे पडतो. सांगोल्यात कापूस पिकत नाही, तरी तेथे सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि चालली; सहकारातील गिरण्यांची महाराष्ट्रात जी दैना झाली ती पाहता हे लहान काम नव्हे. रोजगार हमीला जोडून १९९० च्या सुमारास आलेल्या फळबाग योजनेचा लाभ ज्या तालुक्यांनी नेटाने उठविला त्यांत सांगोला पुढे होता, आणि तेथील डाळिंब परदेशी बाजारात गेले. या साऱ्याचे श्रेय एकट्या गणपतरावांचे असे आम्ही म्हणणार नाही. माळरानात खड्डे खणणारे आणि घागरीने झाडे जगविणारे हात शेतकऱ्यांचे होते. पण आमदाराचे मूल्यमापन करावयाचे ते अशा कामांवरून करावे, त्याच्या वाहनावरून नव्हे.

आता दुसरी बाजू. गणपतरावांच्या विजयांत जातीचा वाटा काहीच नव्हता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. सांगोला तालुक्यात धनगर समाज मोठ्या संख्येने आहे आणि गणपतराव त्याच समाजातील होते. केवळ या गणिताने अकरा निवडणुका जिंकता येत असत्या तर उरलेल्या दोन हरण्याचे कारण नव्हते, हे खरे. पण गणित होतेच. सत्तेविषयीही तसेच. ते १९७७-७८ मध्ये विरोधी पक्षनेते होते, १९७८ साली शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात मंत्री झाले. त्यात विसंगती नव्हती. १९९९ साली मात्र त्यांचा पक्ष काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेस यांच्या आघाडीत बसला आणि ते पुन्हा मंत्री झाले. ज्या सत्तेविरुद्ध पक्षाचा जन्म तिच्याच पंगतीला बसण्याचे समर्थन जातीय शक्तींना रोखण्याच्या भाषेत करण्यात आले. २००२ साली पक्षाने त्या सरकारचा पाठिंबा काढून घेतला आणि मंत्रिपद संपले. प्रश्न मात्र मागे राहिला. डाव्या विचाराच्या एका लहान पक्षाने मोठ्यांच्या आघाडीत जाऊन काय कमावले? पुढील निवडणुकीत त्याच्या पाच जागांच्या दोन झाल्या, एवढे उत्तर मतदारांनी दिले.

येथेच आम्ही या कारकीर्दीतील सर्वांत दुखऱ्या जागेपाशी येतो. सांगोल्यात गणपतराव वाढत होते त्याच काळात त्यांचा पक्ष महाराष्ट्रात आटत होता. १९७८ साली तेरा, १९९० साली आठ, १९९९ साली पाच, २०१४ साली तीन! एका मतदारसंघात निष्ठेचा दीप तेवत राहिला, आणि भोवती अंधार वाढत गेला. मग सांगोल्याचा मतदार मत कोणाला देत होता, पक्षाला की माणसाला? माणसाला, असे उत्तर देण्याचा मोह होतो, आणि ते बहुतांशी खरेही असावे. परंतु माणूस पक्षाला चिकटून राहिला म्हणूनच तो मतदाराला विश्वासार्ह वाटला, हेही तितकेच खरे. ही गाठ सोडविणे सोपे नाही. एवढे मात्र म्हणता येईल की, पन्नासहून अधिक वर्षे ज्या पक्षाचा एक आमदार सभागृहात आदराने ऐकला जातो त्या पक्षाला त्याच्यामागे उभा करावयास घराबाहेरचा एक कार्यकर्ता सापडू नये, हे भूषणावह नव्हे. २०१९ साली वयोमानामुळे गणपतराव थांबले आणि उमेदवारी त्यांचे नातू अनिकेत देशमुख यांना मिळाली. घराणेशाहीवर टीका करण्यात ज्या पक्षाची हयात गेली त्यानेही शेवटी घरातच पाहिले.

त्या निवडणुकीत नातवाचा ७६८ मतांनी पराभव झाला. त्या वर्षी शेकापला राज्यात एकच जागा मिळाली आणि ती सांगोल्याची नव्हती, नांदेड जिल्ह्यातील लोह्याची होती. सांगोल्यात विजयी झाले ते शहाजीबापू पाटीलच. १९९५ साली काँग्रेसच्या चिन्हावर जिंकलेले, २०१४ साली शिवसेनेच्या चिन्हावर गणपतरावांकडून सुमारे पंचवीस हजार मतांनी हरलेले आणि आता त्याच शिवसेनेच्या चिन्हावर निवडून आलेले. पुढे जून २०२२ मध्ये शिवसेनेचे जे आमदार एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गुवाहाटीस गेले त्यांत ते होते. तेथील डोंगरझाडीचे आणि हॉटेलचे त्यांनी दूरध्वनीवर केलेले वर्णन महाराष्ट्रभर घरोघरी ऐकले गेले, आणि लोक पोट धरून हसले. आम्हांस त्या हसण्यात सहभागी होता आले नाही. सांगोल्याच्या मतदाराने ज्या पक्षाच्या नावावर शिक्का मारला तो पक्ष कोणता, हे ठरविण्याचा अधिकार त्या दिवशी त्याच्या हातातून निघून राज्याबाहेरील एका हॉटेलात गेला होता, आणि त्याला त्याबद्दल कोणी विचारले नव्हते.

पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ साली झाला, २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला. तरी मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अपात्रतेचा निर्णय विधानसभेच्या अध्यक्षांकडेच सोपवावा लागला, आणि जानेवारी २०२४ मध्ये अध्यक्षांनी दोन्हीपैकी कोणत्याही गटाच्या आमदारांना अपात्र ठरविले नाही. म्हणजे विधानसभेची मुदत संपत आली तेव्हा निकाल लागला, आणि तोही असा की कोणाचे काहीच बिघडले नाही. शहाजीबापूंच्या बाजूने एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे : ते पुन्हा मतदारांसमोर गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगोल्याने गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांना सुमारे पंचवीस हजारांच्या मताधिक्याने निवडून दिले. शेकापला त्या विधानसभेत मिळालेली ती एकमेव जागा. कायद्याला जे साधले नाही ते मतपेटीने साधले असे काहींनी लिहिले. आम्ही इतके पुढे जाणार नाही. शिवसेनेचे दोन्ही गट समोरासमोर उभे राहून मते फुटली, हेही त्या निकालाचे एक कारण आहे.

सांगोल्याचा हा सारा हिशेब शहरी वाचकापुढे मांडण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. त्याच २०२४ च्या निवडणुकीत मुंबईच्या कुलाबा मतदारसंघात निम्म्या मतदारांनीही मतदान केले नाही, एवढी आठवण येथे पुरे. शिकलेल्या मतदाराची नेहमीची तक्रार अशी की, उमेदवाराविषयी विश्वसनीय माहितीच मिळत नाही, मग निवड कशी करावयाची? ही तक्रार पूर्णपणे खोटी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे २००३ पासून प्रत्येक उमेदवाराला प्रतिज्ञापत्रावर आपली मालमत्ता, देणी, शिक्षण आणि आपल्यावरील फौजदारी खटले जाहीर करावे लागतात. सोने किती, जमीन किती, मोटारी किती, हे सारे आपण वाचू शकतो. परंतु हा गृहस्थ यापूर्वी किती निवडणुका लढला, कोणत्या पक्षांच्या चिन्हांवर लढला, आणि एका चिन्हावर निवडून येऊन मुदत संपण्यापूर्वी दुसऱ्या बाकावर जाऊन बसला काय, हे त्या प्रतिज्ञापत्रात कोठेही विचारलेले नाही. माहिती गुप्त नसते. पण ती जुन्या निकालपत्रांत विखुरलेली असते आणि ती गोळा करण्याची सवड मतदाराला नसते. मुंबईतील एक ज्येष्ठ आमदार कालिदास कोळंबकर हे १९९० पासून नऊ वेळा निवडून आले आहेत. आधी शिवसेना, मग काँग्रेस, मग भाजप. मतदारांनी त्यांना प्रत्येक वेळी राजीखुशीने निवडले, त्यांतील एकदा तर पक्ष सोडल्यावर राजीनामा देऊन ते पोटनिवडणुकीस सामोरे गेले, तेव्हा त्यांना नावे ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण 'नऊ वेळा विजयी' आणि 'अकरा वेळा विजयी' हे शब्द शेजारी शेजारी छापले तर त्यांवरून दोन कारकीर्दींतला फरक कोणास कळेल?

निवडणूक आयोगाने आणि केंद्र सरकारने या प्रतिज्ञापत्रात आणखी एक तक्ता घालावा, अशी आमची मागणी आहे. त्यात चार रकाने असावेत : निवडणुकीचे वर्ष, मतदारसंघ, पक्ष आणि निकाल; शिवाय मुदतीत पक्ष बदलला असल्यास त्याची तारीख. यास घटनादुरुस्ती नको की मोठा खर्च नको. नियमांतील एक दुरुस्ती पुरे. पूर्वी लढविलेली प्रत्येक निवडणूक, हरलेली असली तरी, त्यात आलीच पाहिजे. गणपतराव देशमुखांना हा तक्ता भरावा लागला असता तर विधानसभेच्या त्यांच्या तेरा ओळी झाल्या असत्या. मतदारसंघाच्या आणि पक्षाच्या रकान्यांत पहिल्या ओळीनंतर खाली बारा वेळा 'वरीलप्रमाणे' एवढेच लिहिले असते, आणि निकालाच्या रकान्यात दोन ठिकाणी 'पराभूत'.